रक्तपिपासूंची शिकार करणारी मुलगी आपल्या कपाटात हवी

प्रति,
अध्यक्ष, चिटणीस आणि कार्यकारी मंडळांचे सर्व सदस्य,
सार्वजनिक वाचनालये,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हे

स.न.वि.वि.

एका पुस्तकाची बाजू मांडण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पुस्तकाचे नाव ‘फ्रे’. ही चित्रकादंबरी आहे, म्हणजे चित्रचौकटींतून सांगितलेली सलग, मोठी कथा. जॉस व्हेडन यांनी ती लिहिली, कार्ल मोलाइन यांनी रेखाटली. अमेरिकेतल्या डार्क हॉर्स या प्रकाशनाने २००१ ते २००३ या काळात ती ८ अंकांत काढली आणि मग एका खंडात बांधली. तिची नायिका मेलाका फ्रे ही काही शतकांनंतरच्या मॅनहॅटनमध्ये राहणारी तरुण मुलगी आहे, आणि तिच्या वाट्याला व्हॅम्पायरांची, म्हणजे माणसांचे रक्त पिणाऱ्या पिशाच्चांची, शिकार करण्याचे काम आले आहे.

मी चित्रकला शिकवते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुली बसवते. हे पुस्तक माझ्याकडच्या मोठ्या मुलींनी हातोहात फिरवले, म्हणून त्याची एक प्रत मी एका वाचनालयाला भेट दिली. कोणत्या, ते सांगत नाही, कारण तक्रार एका वाचनालयाची नाही. प्रत दाखलनोंद रजिस्टरात चढली, पण देवघेवीला आली नाही. कुलूपबंद कपाटात राहिली आणि मग मला परत मिळाली. सोबतच्या चिठ्ठीत कारणे होती: भुताखेतांचा विषय, हिंसा, आणि मुलींच्या वाचनाला अयोग्य. हीच कारणे मी इतर ठिकाणीही तोंडी ऐकली आहेत. म्हणून सगळ्यांनाच एकत्र लिहिते.

आधी पुस्तकात काय आहे ते सांगते, कारण नाकारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते मुखपृष्ठापलीकडे पाहिलेले नाही.

मेल, म्हणजे मेलाका, शहराच्या तळातल्या वस्तीत राहते. ते शहर उभे वाढलेले आहे. वर उडत्या मोटारी, खाली अंधार आणि गर्दी. ती चोऱ्या करून पोट भरते, आणि चोरीचा माल पाण्याच्या टाकीत राहणाऱ्या, माशासारख्या दिसणाऱ्या एका म्होरक्याला नेऊन देते. तिची मोठी बहीण एरिन पोलिसात आहे. दोघींच्या दुराव्याचे कारण त्यांचा भाऊ आहे. तो मेलबरोबर असताना रक्तपिपासूंच्या हल्ल्यात सापडला आणि त्याचा दोष एरिन मेलच्या माथी मारते. मेलही तो मनातून स्वतःच्याच माथी घेते. बहिणी एकमेकींशी बोलतात तेव्हा चौकटी अरुंद होतात, चेहरे कापले जातात. चित्रकलेच्या शिक्षिकेला तिथे थांबून मुलींना दाखवायला खूप काही सापडते.

त्या काळात व्हॅम्पायर म्हणजे काय हे लोक विसरून गेले आहेत. अंधारात दबा धरून बसणाऱ्या त्या जिवांना लोक ‘लर्क’ म्हणतात, आणि हे कोणी बिघडलेले, रोगट माणूस असावे अशी समजूत करून घेतात. त्यांच्याशी लढणाऱ्या मुलींची पूर्वी एक परंपरा होती. एक गेली की दुसरीला बोलावणे यायचे. ती परंपरा कित्येक पिढ्या खंडित आहे. त्या मुलींना शिकवायची, सांभाळायची जबाबदारी असलेल्यांचे जे वारस उरले ते वेडाच्या काठावर पोचलेले. मेलला तिचे काम सांगायला आलेला असा एक माणूस तिच्या डोळ्यांदेखत स्वतःला पेटवून घेतो. तिला समजावून सांगायला त्यानंतर उरतो तो एक दैत्य.

आणि आता या पुस्तकातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट. अशा शिकारी मुलीला दोन देणग्या मिळायच्या. एक अंगातले बळ, दुसरी स्वप्ने. त्या स्वप्नांत आधीच्या सगळ्या शिकारी मुलींच्या आठवणी यायच्या: कोण होत्या, कशा लढल्या, कुठे चुकल्या. मेलला बळ मिळाले, स्वप्ने मिळाली नाहीत. ती आणि तिचा भाऊ जुळे. देणगी वाटली गेली. मेहनतीचे बळ मुलीकडे आले, पूर्वजांचे ज्ञान मुलाकडे गेले. त्या ज्ञानाचे पुढे तो काय करतो हे मी इथे सांगत नाही, वाचणाऱ्याचा आनंद जाईल. पण कापूस वेचायला, पाणी भरायला, धाकट्यांना सांभाळायला मुलगी आणि शिकवणीची फी भरायची वेळ आली की मुलगा, हे ज्या घरांत रोज घडते त्या घरांतून माझ्या मुली येतात. त्या पानांवर त्या थबकतात. मी काही समजावून सांगावे लागत नाही.

माझ्या वर्गातली एक मुलगी ते पान उघडून म्हणाली, “हाई पोर ते मनासारखीच शे.” म्हणजे अहिराणीत, ही मुलगी तर माझ्यासारखीच आहे. तिचे बोट मेलच्या चेहऱ्यावर होते.

आता भुताखेतांच्या आक्षेपाकडे येते. माझे या पत्रातले खरे म्हणणे इथेच आहे.

भुतेखेते आपल्या वाचनालयांत नाहीत का? नारायण धारपांची पुस्तके कोणत्या वाचनालयात नाहीत? रत्नाकर मतकरींच्या गूढकथांचे संग्रह किती वेळा नव्याने बांधून घ्यावे लागतात हे ग्रंथपालांना विचारा. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड मागच्या पिढ्यांनी रात्री जागून वाचले. चांदोबातला विक्रम खांद्यावर प्रेत टाकून स्मशानातून चालत असे आणि ते चित्र आपण सगळ्यांनी शाळेच्या वयात पाहिले. इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांत जंगलातला मुखवटेधारी नायक ‘वेताळ’ याच नावाने वावरला. यातले काही मी स्वतः अधाशासारखे वाचले आहे आणि या सगळ्यांविषयी मला प्रेम आहे. भीतीची गोष्ट माणसाला हवी असते. म्हणजे भुताचा विषय हा अडथळा कधीच नव्हता. मात्र वर घेतलेल्या नावांकडे पाहा. धारपांचे समर्थ, झुंजार, काळा पहाड, विक्रम, वेताळ. भुताशी, दुष्टाशी सामना करणारे झाडून सारे पुरुष.

मग बाई कुठे आहे? बाई भुताच्या जागी आहे. हडळ बाई, जखीण बाई, डाकीण बाई. हे आजचेही नाही. आपल्या वेशीवर, जळगावहून साधारण ६० किलोमीटरवर अजिंठा आहे. आपल्या शाळांच्या सहली तिथे जातात. सतराव्या लेण्यात सिंहल अवदान या बौद्ध कथेचे भले मोठे भित्तिचित्र आहे, पाचव्या शतकातले. सिंहल नावाच्या व्यापाऱ्याचे जहाज फुटते, तो आणि त्याचे सोबती एका बेटाला लागतात. तिथल्या सुंदर स्त्रिया त्यांना आसरा देतात, आणि त्या निघतात माणसे खाणाऱ्या राक्षसिणी. सिंहल पांढऱ्या घोड्यावरून निसटतो. एक राक्षसीण त्याच्या मागोमाग येते, राजाला भुलवते, महालात शिरते आणि राजासकट सगळ्यांना खाऊन टाकते. शेवटी सिंहल राजा होतो आणि सैन्य घेऊन त्या बेटावर चालून जातो. एकाच भिंतीवर प्रसंगामागून प्रसंग, डोळा फिरवत वाचायची ही कथा. चित्रकादंबरी परदेशातून आलेले खूळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी त्या भिंतीसमोर उभे राहावे. रक्त पिणाऱ्या, मांस खाणाऱ्यांची चित्रकथा आपल्या दाराशी दीड हजार वर्षे आहे. मी मुलींना ती दाखवते, तिच्यातल्या रेषेपुढे हात जोडते. पण त्या भिंतीवर राक्षसीण बाई आहे आणि शिकारी पुरुष आहे, हेही त्यांना दिसते. मी ते लपवत नाही.

भिंतीवर ते कलेचे मोठे काम आहे. गावात तेच माणसाच्या जिवावर उठते. नंदुरबार जिल्ह्यातल्या मंडळींना मी वेगळे सांगायला नको. अक्कलकुवा, धडगाव भागात एखाद्या बाईला डाकीण ठरवणे म्हणजे काय होते हे तुम्ही जवळून पाहिले आहे. मूल दगावले, म्हैस आटली, ताप उतरेना, की बोट वळते ते एकट्या बाईकडे, विधवेकडे, जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे आणि पाठीशी कोणी नाही तिच्याकडे. हे फक्त पाड्यांवर होते अशी सपाटीवरच्या आपण लोकांनी समजूत करून घेऊ नये. आपल्याकडे शब्द वेगळे आहेत, नजर तीच आहे. ‘तिची नजर वाईट’, ‘तिच्या हातचे खाऊ नको’ ही वाक्ये तापीच्या दोन्ही काठांवर बोलली जातात.

२० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर आधी अध्यादेश आणि वर्षअखेरीस जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्राने जनावरांचे दूध आटवते असे सांगून तिच्याविषयी संशय पसरवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. जनावराचे दूध आटवण्याचा उल्लेख कायद्याच्या अनुसूचीत यावा, यावरून हा आरोप किती खराखुरा केला जातो ते कळते. कार्यकर्ते त्यासाठी वर्षानुवर्षे डोंगर चढून गेले आहेत. त्यांच्या कामापुढे एक पुस्तक काहीच नाही हे मला कळते. पण वाचनालयाकडे पुस्तकच असते.

या पार्श्वभूमीवर ‘अंधश्रद्धा पसरेल’ हा आक्षेप या पुस्तकाला लावला जातो याचे मला दुःख वाटते. अंधश्रद्धा काय करते? सगळे गाव मिळून एका दुबळ्या बाईला रक्त पिणारी ठरवते. आणि या कथेत काय आहे? तळातल्या वस्तीतली, कोणाच्या खिजगणतीत नसलेली एक मुलगी खरे रक्त पिणारे कोण हे ओळखते, आणि सगळे शहर डोळे मिटून बसलेले असताना त्यांच्यासमोर उभी राहते. दोन्ही कथांत दैत्य आहे, बाई आहे, जमाव आहे. जागा बदलल्या आहेत. डाकिणीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलीला ही बदललेली जागा एकदा तरी पाहायला मिळावी. तिला व्हॅम्पायर खरे असतात असे वाटणार नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला कल्पित काय आणि खरे काय हे पक्के ठाऊक असते. जे कथा म्हणून सांगितले जाते त्याने कोणाचा बळी जात नाही. बळी जातो तो खरे म्हणून सांगितलेल्या गोष्टीने.

हिंसेचा आक्षेप मी उडवून लावत नाही. पुस्तकात रक्त आहे, मृत्यू आहेत आणि एक मृत्यू असा आहे की तो वाचून माझ्या मुली दोन दिवस गप्प होत्या. म्हणून ते बालविभागात ठेवू नका. चौथी-पाचवीच्या मुलांसाठी ते नाही. नववीपासून पुढे द्या, त्यासाठी किशोरांचा वेगळा खण करा. तसा खण बहुतेक ठिकाणी नाही, बालविभागातून मूल थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांवर येऊन पडते आणि मधली चार-पाच वर्षे आपण वाचक गमावतो. मुली तर हमखास. दहावीनंतर त्यांच्या नावाचे सभासदत्व किती चालू राहते ते आपापल्या रजिस्टरात पाहा.

पुस्तकात मला खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. शेवटचा भाग घाईने उरकला आहे. मोठी लढाई येते आणि जिच्यासाठी आपण इतका वेळ वाट पाहिली त्या बहिणींच्या गोष्टीला हवी तेवढी पाने मिळत नाहीत. इंग्रजीही सोपे नाही, लेखकाने त्या भविष्यकाळासाठी बोलभाषा नव्याने घडवली आहे. पण इथे चित्र मदतीला येते. वाक्य कळले नाही तरी चेहरा कळतो, आणि चेहरा कळला की मुलगी वाक्याकडे परत जाते. इंग्रजीच्या धड्याला जी परत जात नाही, ती इथे जाते. मी हे माझ्या वर्गात पाहिले आहे.

आणि एरिनविषयी सांगायचे राहून जाऊ नये. पहाटे पाचला आपल्या गावांबाहेरच्या रस्त्यांवर पोलीस भरतीच्या तयारीसाठी मुली धावत असतात. गोळाफेक करतात, मैदान नसेल तिथे शेताच्या बांधालगत. त्यांच्यापैकी एकीने हे पुस्तक वाचून माझ्याशी एरिनवर वाद घातला. तिचे म्हणणे, चूक मेलची आहे, एरिनने कायद्याने वागायलाच हवे. दुसरी म्हणाली, बहीण आधी. तो वाद कितीतरी वेळ चालला आणि त्यात कायदा, घर, कर्तव्य, पैसा सगळे आले. वाचनालयाच्या चर्चासत्रांत इतक्या पोटतिडकीने बोललेले मी क्वचित ऐकले आहे.

शूर बाई आपल्याकडे नव्हती असे कोणी म्हणू नये. बेचाळीसच्या लढ्यात अमळनेरच्या लीलाताई पाटील होत्या. सत्तरच्या दशकात शहाद्याकडे श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली. गावात माणसांचे रक्त कोण पिते हे त्यांना नेमके कळले होते. नंदुरबारचा बालहुतात्मा शिरीषकुमार आपल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे, माहीत असलाच पाहिजे. पण या बायकांची गोष्ट चित्रांत कुठे आहे? माझ्या मुली ती काढू शकतात. त्यांच्याकडे रेषा आहे, अहिराणी आहे, पावरी आहे. त्यांच्याकडे नमुना नाही. चौकट कशी तोडायची, पानावर वेग कसा आणायचा, शब्दांचा फुगा कुठे ठेवायचा हे पुस्तके पाहूनच शिकता येते आणि ती पुस्तके खानदेशात पाहायला मिळत नाहीत. जळगावच्या दुकानांत शोधून पाहा. पुण्या-मुंबईहून मागवायची तर एकेका खंडाला शेतमजुरीचे कितीतरी दिवस जातात. हे काम घर करू शकत नाही, ते वाचनालयच करू शकते.

पैशांची अडचण मला माहीत आहे. अनुदान वेळेवर येत नाही, सेवकांचे मानधन तुटपुंजे आहे. म्हणून मी विकत घ्या असे म्हणतच नाही. माझी प्रत तयार आहे, आणखी काही शिक्षिकाही पुस्तके द्यायला तयार आहेत. आम्हाला फक्त खुले कपाट हवे आहे. ग्रंथपालांनी वर्गीकरणाचीही चिंता करू नये. दशांश पद्धतीत ७४१.५ हा क्रमांक अशाच पुस्तकांसाठी आहे, चित्रकलेच्या शेजारी.

आपला वारसा लहान नाही. जळगावचे व. वा. जिल्हा वाचनालय १८७७ सालचे. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, जिथे जुना कागद जिवापाड जपला जातो. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढत, कारण मुलांना रोज काही वाचायला मिळावे ही त्यांना तळमळ होती. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि आपण सगळे अभिमानाने गेलो. या परंपरेतल्या संस्थांकडून मी जास्तीची अपेक्षा करते, ती हक्काने करते.

तरी माझी विनंती अशी. आपल्या पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर किशोर विभागाचा आणि त्यात चित्रकादंबऱ्या ठेवण्याचा विषय घ्यावा. सभेआधी निदान दोन सदस्यांनी ‘फ्रे’ पूर्ण वाचावे, प्रत मी पोचती करेन. सभेला दोन-तीन वाचक मुलींना बोलावून त्यांचे ऐकावे. त्या अहिराणीत बोलतील, बोलू द्यावे. पुस्तक घेतले तर रविवारी सकाळी मी येऊन मुलींबरोबर ते वाचेन, त्यासाठी मला मानधन नको. नकार द्यायचा असेल तर पुस्तक वाचून, कोणते पान का अयोग्य आहे ते लिहून द्यावा. त्या पानावर तुमच्याशी बोलायला मी कोणत्याही गावी येईन.

कळावे,

आपली,
एक चित्रकला शिक्षिका
जळगाव जिल्हा